चार एक्क्यांची जीप

आईच्यान सांगते, ह्यातला शब्द न् शब्द खरा हाय! खोटं निघालं तर जीभ झडूदे माझी, डोळं फुटूदेत, जल्मात परत तव्यावर भाकरी फुगू नये. कुणाला पटत नसंल त्येनं मुरगूडात जाऊन इचारावं. फकस्त दुपारी जाऊ नगा. दुपारी तितं सगळी झोपत्यात.

तर मुरगूडात आक्काताई म्हणून एक बाई हुती. दमल्याली बाई. काही बायका लग्नानंतर दमत्यात, काही पोरं झाल्यावर. ही पाळण्यातनंच दमून उठली असावी. कोंबडं आरवायच्या आधी कोपऱ्यावरच्या नळावर जायचं, सात घागरी पाणी आणायचं, मग दुसऱ्याच्या उसात तण भांगलायला जायचं, आन् संध्याकाळी परत चूल. तिचं गुडघं असं वाजायचं की ती नळावर निघाली की शेजारच्या आळीतली कुत्री भुंकायची. घड्याळ लागायचं न्हाय कुणाला.

तिचा नवरा दादासो. मुरगूड-कोल्हापूर वडाप मारायचा. वडाप म्हंजे शेअरची जीप: जागा नवाची, माणसं पंधरा, आन् सोळावं मागं पायरीवर लटकत्यालं. एकोणीस वर्सं त्येनं जीप चालवली. एकोणीस वर्सांत एक कोंबडी चाकाखाली आली न्हाय. पर एकोणीस वर्सांत त्येचं नावबी कुणाला म्हाईत झालं न्हाय. "ए जीप!" "ओ ड्रायव्हर!" "ए वडाप, थांब की!" रोज त्येच्याच शेजारी बसून कोल्हापूरला जाणारं एक मास्तर हुतं. त्येनं दहाव्या वर्सी इचारलं, "पावणं, तुम्ही कुठल्या गावचं?"

त्याच मुरगूडात हंबीरराव म्हणून एक बागायतदार. त्येच्या पांढऱ्या गाडीचा नंबर नऊ. नुसता नऊ, म्होरं काय न्हाय, मागं काय न्हाय. ती गाडी स्टँडावर आली की भाजीचं गाडं बाजूला सरायचं, पोलीस शिट्टी मारून रस्ता मोकळा करायचा. आत हंबीरराव असू दे न्हायतर नसू दे. एकदा तर ड्रायव्हर एकटाच गाडी धुऊन आणत हुता, तरी दोघांनी हात जोडलं.

दादासोनं हे बघितलं आन् त्येच्या डोक्यात ते बसलं.

दोन हजार चार साली जुनी जीप पार खिळखिळी झाली. दादासोनं नवी घ्यायची ठरवली. आन् एका रातच्याला जेवता जेवता म्हणाला, "ह्या बारीला नंबर घिऊया."

"कसला नंबर?" आक्काताई भाकरी थापत हुती.

"चार एक्के. अकरा अकरा. आरटीओत जादा पैसं भरलं की आपला."

"जादा भरलं न्हाईत तर काय बिननंबराची गाडी देत्यात व्हय?"

"देत्यात की नंबर. पर त्यो कुणाच्या ध्यानात ऱ्हात न्हाय."

"ध्यानात ऱ्हाऊन काय हुतंय?"

थोरला पोरगा प्रसेनजीत, कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कामाला. त्यो ताटावरनं मान वर न करता म्हणाला, "पप्पा, तेवढ्यात म्हैस येईल. चांगली दुभती."

"म्हशीला सलाम करतंय का कोण?"

कोण हसलं न्हाय. जादाचं पैसं म्हंजे आक्काताईनं घरात नळ घ्यायला साठवल्यालं पैसं, हे तिघांनाबी म्हाईत हुतं. तिनं तवा उतरवला. भांडायला तिच्याकडं लई हुतं, पर भांडायलाबी बळ लागतं. तेवढ्यात दादासो हळूच म्हणाला, "एकोणीस वर्सं झाली गं. रस्त्यावर एक माणूस मला वळखत न्हाय."

हे मातर आक्काताईला कळलं. तिच्या बापाचीबी सगळी जिनगानी "ए, हिकडं ये" ऐकण्यात गेलती. ती म्हणाली, "घ्या जावा. नळ काय, पुढल्या साली बघू."

मग काय सांगायचं! नंबर आला. दादासोनं कोल्हापुरातनं पेंटर धरून म्होरं, मागं आन् दोन्ही दारांवर चार चार एक्के काढून घेतलं, पिवळ्या रंगात, भवतीनं लाल काठ. एकेक एक्का वीतभर. काचेवर निळ्या अक्षरात जयभीम. लोक म्हणत, दिवाबत्ती गेली तरी ह्या नंबराच्या उजेडात धान्य निवडता येतंय.

महिन्याभरात मुरगूड ते कोल्हापूर पोरासोरांना नंबर पाठ झाला. "चार एक्के आलं!" म्हणून पोरं रस्त्याकडंला पळायची. दादासो हॉर्न वाजवायचा. बायका दुसरी जीप सोडून हिच्यासाठी उभ्या ऱ्हायच्या. ठेसनाजवळचा पोलीसबी हात वर करायचा. दादासो घरी आला की ताठ बसायचा. आक्काताईनं एकदा इचारलं, "आता नावानं हाक मारत्यात?"

"न्हाय. चार एक्के म्हणत्यात. पर मलाच म्हणत्यात की."

आक्काताईनं घागर उचलली आन् नळावर गेली.

तीन महिनं बरं गेलं. मग दारात माणसं यायला लागली.

पयला आला त्येचा उसाचा बांध मोडला हुता. "रातीत चार एक्क्यानं वळवून घेतली जीप माझ्या रानात." दादासो त्या रानाकडं जल्मात गेला न्हवता. दुसरी एक म्हातारी, तिची कोंबडी मेली निपाणीच्या रस्त्याला. कोंबडी पिशवीतनं पुरावा म्हणून घिऊन आलती. तिसऱ्याची मावशी हात करून करून दमली, चार एक्के थांबलं न्हाय. एक बाई तर लांबनं चालत आली आन् दारातच बसली: तिचा दादला रोज चार एक्क्यात बसून दारूच्या दुकानाला जातोय, तर त्येला तितं सोडत जाऊ नगा. एका दिशी तर सकाळी पावणेधाला ती जीप राधानगरीत, निपाणीत आन् पन्हाळ्यावर अशी तिन्हीकडं दिसली. बघणारी माणसं शप्पथ घिऊन सांगत हुती. मी स्वतः त्यातल्या दोघांना भेटलेय.

सगळ्यांना पाणी आक्काताईनंच द्यायचं. च्या टाकायचा, ऐकून घ्यायचं, "बघते, सांगते त्येंना" म्हणायचं. आधी ती सांगायची, वो, त्यो दुसरा असंल. कोण ऐकायचं न्हाय. दुसऱ्या कुठल्या जीपंचा नंबर कुणाला म्हाईत असला तर त्यो सांगतील ना! जीप कुठलीबी असू दे, नंबर एकच ध्यानात. मग तिनं सांगायचं सोडलं. नुसती मान हालवायची. दुखऱ्या पोटरीला फडकं गुंडाळून उंबऱ्यावर बसायची आन् मान हालवायची.

वडापला परमीट नसतंय, हे तुम्हाला सांगायला नगं. वरनं धरपकडीचा हुकूम आला की पोलिसांनाबी पयल्यांदा हीच जीप आठवायची. बाकीची बारा वडापं मागल्या गल्लीनं निसटायची. दादासो ठाण्यातनं उशिरा यायचा. हॉर्न वाजवायचं त्येनं कमी केलं.

आन् मग श्रावणातला त्यो मंगळवार.

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीच्या चौकात दुपारी दोनला एका जीपंनं एका सायकलवाल्याला धक्का दिला. ज्ञानू म्हणून एक कामगार, पाळी सुटून घरला चाललाता. त्यो गटारीत पडला, पाय मोडला. जीप थांबली न्हाय.

बुधवारी हवालदार मुरगूडात दारात.

"एमएच नऊ, अकरा अकरा. तुमचीच न्हवं?"

"जीप माझी," दादासो म्हणाला. "पर मंगळवारी दुपारी मी गगनबावड्यात हुतो."

"तीन साक्षीदार हाईत. तिघांनी एकच नंबर सांगितलाय."

"साहेब, एकोणीस वर्सं..."

"ते तितं येऊन सांगा."

जीप कागलच्या ठाण्याच्या आवारात नेऊन लावली. लायसन काढून घेतलं. हवालदारानं कागदावर लिवलं: जीप नंबर ११११ चा ड्रायव्हर. दादासो म्हणाला, "नाव लिवा की माझं." हवालदार म्हणाला, "लिवतो म्होरं. आत्ता नंबरावर भागतंय."

सोमवारी कागद कोर्टात जाणार हुतं. एकदा गेलं की लायसन कवा परत मिळंल कुणाला म्हाईत, आन् जीप तितंच गंजणार. तवर गावकरी म्हणणार, पाय मोडून पळून गेल्याला ड्रायव्हर. त्येच्या जीपंत परत कोण बसणार? गगनबावड्यात हुता हे सांगणारा माणूस सोमवारच्या आत पायजे हुता.

दादासो अजून ताठच हुता. "त्यात काय? दोन पावणं मला कोल्हापूर स्टँडावर भेटलं, त्येंची एसटी चुकलीती. बावड्याला सोडलं. पावणं खाली कोकणात गेलं, त्येंचं नाव गाव काय मी इचारलं न्हाय. पर त्या पावसात वायपर बंद पडला आन् मी चारपातूर बावड्यातच अडकलो. अख्ख्या बावड्यानं जीप बघितलीया. चार एक्के हाय ती, काय चेष्टा हाय? साक्षीला तोटा न्हाय."

पर त्येला सकाळ-संध्याकाळ ठाण्यात हजेरी. प्रसेनजीतनं एक पाळी बुडवली तर कंत्राटदार दुसरा गडी ठेवणार. ऱ्हायलं कोण? आक्काताईनं पिशवीत दोन भाकरी टाकल्या, गुडघ्याला तेल चोळलं आन् निघाली.

वाटंत ती आधी ज्ञानूकडं गेली. त्येचं घर कागलच्या अलीकडं. पाय पलास्टरात, उशाला दोन केळी. आक्काताईनं आणखी चार ठेवली.

"तुझा राग न्हाय रं बाबा," ती म्हणाली. "पर तू नंबर बघितलास का?"

"मावशी, माझं तोंड गटारीत हुतं."

"मग?"

"उठून बसलो तवा सगळी चार एक्के, चार एक्के म्हणत हुती. एवढी म्हणत्यात म्हटल्यावर मीबी म्हटलं."

"त्या तिघांनी बघितला?"

"पानवाला पाठमोरा हुता. दुसरा मला म्हणाला, जीप म्हटली की चार एक्केच आठवती, दुसरी कुठली आठवायची?" ज्ञानू छताकडं बघत हुता. "मला म्हाईत हाय तुमी काय म्हणणार. 'जाऊन सांग ठाण्यात,' हेच न्हवं? पर मावशी, कोणच न्हाय म्हटलं तर माझ्या पायाचा खर्च कुणाच्या नावावर टाकू?"

आक्काताईला त्येच्यावर रागवायचं हुतं. रागवता आलं न्हाय. त्येचंबी खरंच हुतं. तिनं पलास्टरावरची माशी हाकलली आन् उठली.

कोल्हापुरातनं बावड्याची एसटी. छत गळत हुतं. माणसं आतमदी छत्र्या उघडून बसलीती. कंडक्टर तिकीट द्यायला आला त्यो रेनकोटात. कळे गाव सोडल्यावर तर पाऊस असा की बाहेर हाय का आत हाय ते कळंना. ही थाप न्हाय, बावड्याला जाऊन आल्याल्या कुणालाबी इचारा.

बावड्यात उतरून ती पयल्यांदा पानपट्टीवर गेली.

"चार एक्के? बघितली की! मंगळवारी बघितली!"

आक्काताईच्या जिवात जीव आला. "कितीला?"

"सकाळी सातला. हितंच उभी हुती."

सातला दादासो मुरगूडात दात घासत हुता. ती किराणा दुकानात गेली.

"चार एक्के म्हाईत हाय की. मंगळवारी न्हाय पर. शुक्रवारी. निळी जीप."

जीप पांढरी हुती. न्हाव्यानं वस्तरा थांबवून सांगितलं, "त्यी तर रोज असती हितं." पंक्चरवाल्यानं तीन वेळा बघितलीती, त्यात मंगळवार एकदाबी न्हवता. एक म्हातारा काठी आपटत म्हणाला, "मंगळवारचं कशाला, कालच्याला संध्याकाळी माझ्या डोळ्यादेखत गेली. चार एक्के. मी काय खुळा हाय?" काल संध्याकाळी जीप ठाण्यात उभी हुती, चाकांत हवाबी न्हवती.

बारा माणसांना इचारलं तिनं. बाराच्या बारा शप्पथ घ्यायला तयार. जीप दिसली, नंबर दिसला. कवा दिसला ते मातर ज्येचं त्येचं न्यारं. ह्यातला एक जरी ठाण्यात नेला आन् त्यो "काल बघितली" म्हणाला, तर हवालदार हसूनच हाकलणार.

दुपार कलली. तिच्या पातळाचा काठ चिखलानं जड झाल्याला. गुडघं बोलायचं बंद झालतं, म्हंजे लई वाईट. घाट सुरू हुतोय त्या वळणावर एक च्याची टपरी हुती, वर ताडपत्री. ती आत शिरली आन् बाकड्यावर बसली. काय इचारायचं तिच्या मनात ऱ्हायलंच न्हवतं. टपरीवाल्या म्हातारीनं कायबी न इचारता च्या म्होरं ठेवला. आलं भरपूर.

च्या पिता पिता तिनं वर बघितलं.

ताडपत्री निळ्या दोरीनं बांधल्याली. आन् दोरीची गाठ. दोन वेढं, मग उलटा फास, आन् शेपूट आत खुपसल्यालं, वर दिसू नये म्हणून. आक्काताईच्या परड्यात कापडं वाळत घालायची दोरी हाय, तिला अशीच गाठ. पंचवीस वर्सं ती सोडवताना तिची नखं तुटल्यात. जगात अशी गाठ एकच माणूस मारतोय.

"आजी, ही गाठ कुणी मारली?"

"दादासोनं."

आक्काताईनं कप खाली ठेवला.

"कोण दादासो?"

"हाय एक. मुरगूडचा. दरड आली न्हाय का खाली घाटात, त्या दिशी. वारं असलं की ताडपत्री उडूनच गेली माझी. त्यो हितंच बसलाता, गाडी बिघडली म्हणत हुता. पळत जाऊन ताडपत्री धरून आणली, गाडीतली दोरी काढली आन् बांधली. दुपारभर बसला बिचारा. मी नाव इचारलं तर असा बघाय लागला माझ्याकडं, जसं काय मी पैसंच मागितलं. मग म्हणाला, दादासो." म्हातारी फुकणीनं चूल फुकत हुती. "बडबड्या हाय. बायकू लई चांगली हाय म्हणत हुता. नळाला पैसं साठवलं हुतं तिनं, ते मी खाल्लं म्हणत हुता."

ह्या टपरीचं घरात दादासो एक अक्षर बोलला न्हवता; त्येचा सगळा भरवसा नंबरावर. 

त्या म्हातारीचं नाव बाळाबाई. दरड कवा आली हे तिला वारानं सांगता येईना, पर दरड एकच आलीती, आन् ती मंगळवारी दुपारी एकला, हे सगळं बावडं एकमुखानं सांगत हुतं. रस्ता बंद केल्याचा कागद पोलीस चौकीतबी हुता.

"ठाण्यात येऊन सांगशीला का एवढं?"

"ठाण्यात?" बाळाबाईनं फुकणी खाली ठेवली. "मला काय नेणार हाय तितं? टपरी कोण बघंल?"

"मी बघते म्हटलं असतं. पर मलाबी तितं जायाय पायजे."

बाळाबाईनं तिच्याकडं नीट बघितलं. चिखल, पिशवी, पाय. "तू त्येची बायकू व्हय?" मग ती उठली. "बस. आणखी एक च्या पी. उद्याच्या पयल्या एसटीनं येते. पर तिनीसांजंला मला परत सोडायचं, दूधवाला येतोय."

आली की. डोक्यावर इरलं, हातात आल्याची पुडी, हवालदाराला भेट म्हणून. ठाण्यात बाकड्यावर मांडी घालून बसली.

"गाडीचा नंबर सांगा बाई," हवालदार म्हणाला.

"मला अक्षर येत न्हाय."

"मग अकरा अकरा होती हे कशावरनं?"

"काय अकरा?"

"नंबर! चार एक्के!"

"मी गाडीकडं बघितलंच न्हाय. गाडीला काय बघायचं? चाकं हुती."

हवालदारानं टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. "अवो बाई, नंबर बघितला न्हाय तर साक्ष कसली?"

"हे बघा पावणं," बाळाबाई म्हणाली, "तुमच्याकडं नंबर बघितल्याली तीन माणसं हाईत. त्यातल्या एकानं तरी माणूस बघितलाय का? बोलवा की. ह्येच्यात त्यो कुठला ते दाखवा म्हणावं."

आवारात चार ड्रायव्हर बसलं हुतं, दादासो त्यात. हवालदारानं आधी पानवाला बोलावला. पानवाल्यानं बराच येळ बघून एका जाड्या ड्रायव्हराकडं बोट केलं. त्यो ठाण्याच्याच गाडीचा ड्रायव्हर निघाला. दुसरा म्हणाला, "मी नंबर बघितला, तोंड कशाला बघू?" तिसरा आलाच न्हाय. मग बाळाबाई उठली, सरळ दादासोजवळ गेली आन् म्हणाली, "दादासो, तुझी दोरी ऱ्हाऊ दे हं माझ्याकडं. ताडपत्री हालली न्हाय बघ तवापास्नं."

दादासोनं मान खाली घातली. एकोणीस वर्सांत ठाण्यात, स्टँडावर, रस्त्यावर कुणी त्येचं नाव घेतलं न्हवतं, आन् आता घेतलं तर त्येला मान वर करता येईना. आक्काताई भिंतीला टेकून उभी हुती. तिला वाटलं आपण रडणार. पर रडायलाबी ताकद ऱ्हायली न्हवती, तवा तिनं नाक पुसलं न् बाकड्याची जागा धरली.

हवालदारानं बावड्याच्या चौकीला फोन लावला. दरड मंगळवारी, दुपारी एकला. बाळाबाईचा अंगठा घेतला. आन् सोमवारी सकाळी लायसन आन् चावी दादासोच्या हातात दिली. "जावा. आन् ते दारावरचं एक्के जरा बारीक करा. डोळ्यात जात्यात."

जीप सुरू व्हायला तासभर लागला. आक्काताई म्होरं बसली. नव्या जीपंत ती पयल्यांदाच म्होरं बसलीती. 

"नंबर इकायचा का?" ती म्हणाली.

"नंबर सुटा इकत न्हाईत. जीपसंगं जातोय."

"मग जीप इका."

"आन् खाऊ काय?"

 जरा येळानं तिनंच सांगितलं, वाटंत ज्ञानूकडं थांबा. त्येला आज दवाखान्यात जायचं हुतं पाय दाखवायला, आन् रिक्षाला पैसं न्हवतं. धक्का कुणी दिला ते शेवटपातूर कुणाला कळलं न्हाय. जिनं धक्का दिला त्या जीपंचा नंबर कुणाच्या ध्यानातच न्हवता. दादासोनं ज्ञानूला उचलून मागल्या सीटवर आडवा केला, पायाखाली पोतं दिलं.

पंचतारांकितच्या चौकात ट्रक आडवा आल्याला, म्हणून जीप थांबली. पानपट्टीवर पाच-सहा माणसं हुती. त्येंनी जीप बघितली, आत ज्ञानूचं पलास्टर बघितलं.

"ते बघा, चार एक्के! मीच म्हणत न्हवतो?" एक म्हणाला.

"मारलं ते मारलं, पर आता दवाखान्यात तरी नेतंय. मनानं चांगला हाय."

"न्हेणारच की. पोलिसांनी दम दिला असणार."

दादासोचा हात हॉर्नवर गेला आन् तसाच ऱ्हायला. त्येनं आक्काताईकडं बघितलं. उतरून सांगू का, असं त्येच्या तोंडावर हुतं. बाळाबाई, दरड, गाठ, सगळं.

"नगं," ती म्हणाली. "चला. गुडघं लई दुखाय लागल्यात."

त्येनं गिअर टाकला. दवाखाना यायच्या आधीच ती काचेला डोकं टेकून झोपली, आन् ज्ञानूला उतरवून घेतला तरी त्येनं तिला उठवलं न्हाय.

तर असं हाय सगळं. ठाणं खरं, दरड खरी, बाळाबाई खरी, पिशवीतली कोंबडीबी खरी. आता इचारतच असाल तर एक तेवढं माझ्या मनाचं हाय. नंबर. चार एक्के मी आपलं सांगायला सोपं म्हणून घातलं. खरा काय हुता ते सांगावं म्हणून कालपास्नं डोकं धरून बसले हाय. न्हाय आठवत.